दीड सेंटीमीटरचा किलोमीटर

करुणा शाळेच्या फाटकाशी येऊन उभी होती. मधल्या सुट्टीला अजून दहा मिनिटं होती आणि मी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते. खिडकीजवळच्या मुली एकदम गप्प झाल्या म्हणून मी वळून पाहिलं. करुणा पोस्टात नोकरी करते. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिनं आमच्या शाळेत येण्याचं काही कारण नव्हतं. मी बाहेर गेले. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, आई गेली. पहाटे, झोपेतच..." मग जणू माझीच समजूत घालायची आहे अशा आवाजात म्हणाली, "कुणाबरोबर तरी चिठ्ठी पाठवणार होते. पण म्हटलं, बाईंना आपणच जाऊन सांगायचं." मी वर्ग शेजारच्या बाईंकडे सोपवला आणि तिच्याबरोबर पिंपरीला निघाले.

त्याला आता सहा आठवडे होत आले. करुणाच्या आईचं, सुलोचनाताईंचं, नाव या पुरवणीच्या वाचकांनी कुठे वाचलेलं असण्याची शक्यता नाही. आकुर्डीच्या एका कारखान्यात त्या ट्रेसर होत्या. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं यंत्राच्या एखाद्या भागाचं ड्रॉइंग काढतो, त्यावर पारदर्शक कापड ताणून काळ्या शाईनं त्याची हुबेहूब प्रत काढायची, हे ट्रेसरचं काम. त्या प्रतीवरून मग ब्लू प्रिंट निघतात आणि शॉपमध्ये, यंत्रांवरच्या कामगारांकडे जातात. पन्नाशीही गाठली नाही त्यांनी. भाषण कधी केलं नाही, कुठल्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या नाहीत. पण मी गेली वीस वर्षं शिकवते आहे आणि त्यातलं जे काही बरं शिकवते, त्याची सुरुवात त्यांच्यापाशी होते. शिवाय चऱ्होलीच्या शिवारात एक शाळा उभी आहे, ती त्यांच्यामुळे आहे, आणि तिथे त्यांचं नाव कुठेही नाही... म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी पुण्यातल्या पेठेतून चिंचवडला आले तेव्हा इथे दोन कारखान्यांच्या मध्ये ज्वारीची शेतं असायची. भोंगा झाला की सायकलींची रांग सुटायची आणि दहा मिनिटांनी रस्ता पुन्हा ओस पडायचा. यजमान आकुर्डीला शिफ्टमध्ये होते. मला चिंचवडच्याच शाळेत नेमणूक मिळाली, सहावीचा वर्ग मिळाला आणि वर्गाबरोबर भूगोलही मिळाला. भूगोल मला पाठ होता. नद्या, पिकं, डोंगररांगा, सगळं घडाघडा. नकाशाच्या प्रमाणाचा धडा आला तेव्हा मात्र मी जरा घाईनं पुढे सरकले. एक सेंटीमीटर म्हणजे दोन किलोमीटर, तर सहा सेंटीमीटर म्हणजे बारा. मुलांनी माना डोलावल्या. मग मी चाचणीत गणित घातलं. नकाशात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. चिंचवड आणि आकुर्डी यांमध्ये नकाशावर सात सेंटीमीटर आहेत, तर प्रत्यक्ष अंतर किती? आदल्या उदाहरणाच्या ओघात मी सातला दोननं गुणलं आणि चौदा किलोमीटर हे उत्तर बरोबर धरून वह्या तपासल्या. वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी एकेचाळीस जणांनी चौदाच लिहिलं होतं. एका मुलीनं साडेतीन लिहिलं होतं. तिच्या उत्तरावर मी लाल शाईनं फुली मारली. ती मुलगी म्हणजे करुणा.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर एक बाई वर्गाच्या दारात आल्या. निळी सुती साडी, बोटांच्या पेरांना काळ्या शाईचे डाग. हातात करुणाची वही. मला वाटलं, आता तक्रार. पण त्या म्हणाल्या, "बाई, रागावू नका. माझीच समजूत कुठे चुकतेय का, तेवढं बघा." मी त्यांना बाकावर बसवलं. त्यांनी वही उघडली, फुली मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "सात सेंटीमीटरमध्ये दोन-दोनच्या जोड्या किती होतात?" मी म्हटलं, साडेतीन. "आणि एका जोडीला एक किलोमीटर, असंच ना?" कान गरम झालेले मला अजून आठवतात. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला त्या क्षणी जास्त लागलं. म्हणाल्या, "पोरगी घरी येऊन विचारायला लागली, आई, आपण दर रविवारी आत्याकडे आकुर्डीला चालत जातो, त्यातलं चिंचवडच्या पुढचं चौदा किलोमीटर असेल का गं? म्हटलं, तुझ्या पायांना विचार."

बाकीच्या एकेचाळीस मुलांपैकी कुणालाही, खरं म्हणजे मलाही, तो प्रश्न पडला नव्हता. चिंचवड ते आकुर्डी मी स्वतः कितीदा तरी चालत गेले होते. पण फळ्यावरचं आकुर्डी आणि यजमान जिथे कामाला जातात ते आकुर्डी, ही दोन वेगळी गावं असावीत अशा थाटात मी शिकवत होते. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली आणि म्हणाल्या, "माझी कशाला मागता? सोमवारी पोरांना सांगा, बाईंचं चुकलं होतं. त्यांना बरं वाटेल." सोमवारी मी सांगितलं. फळ्यापाशी उभं राहून, सगळ्या वर्गाला. एकेचाळीस वह्यांतली बरोबरची खूण खोडली आणि एकीतली फुली. मुलं हसली नाहीत. उलट त्या दिवसापासून ती मला प्रश्न विचारायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पिंपरीतल्या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीपाशी कलती फळी लावलेलं टेबल आणि त्यावर टोकदार पेन्सिली ओळीनं मांडलेल्या. त्यांनी चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवला. इथे एक गोष्ट लिहिली नाही तर हा लेख खोटा ठरेल. मी ज्या घरात वाढले त्या घरात अशा घरचं पाणीही कोणी प्यायलेलं नव्हतं. कप उचलण्याआधी माझा हात थांबला... फार नाही, एखादा क्षण. त्यांनी ते पाहिलं. पाहिलं हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही. पण त्या टेबलाकडे वळल्या आणि रेघा ओढायच्या रूलिंग पेनमध्ये शाई कशी भरतात ते दाखवू लागल्या, मला वेळ मिळावा म्हणून. मी चहा प्यायले. त्या क्षणाबद्दल आम्ही दोघी पुढे कधीच बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. निदान मी.

त्या रविवारपासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. लग्नानंतर सहा वर्षांतच काविळीनं त्यांचे यजमान गेले. यजमानांच्या कंपनीनं त्यांना ड्रॉइंग ऑफिसात कामाला घेतलं, ते प्रिंट इकडून तिकडे पोचवायला. प्रिंटच्या सुरळ्या घेऊन उभं राहायचं आणि सही होईपर्यंत वाट पाहायची. त्या वाट पाहण्याच्या वेळात त्या टेबलांवरचे हात बघायच्या. एकदा हेड ड्राफ्ट्समननं गंमत म्हणून रद्दी कापडाचा तुकडा दिला आणि म्हणाले, ओढा एक रेघ. त्यांनी ओढली. साहेबांनी भिंग घेऊन ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि दुसरा तुकडा दिला. वर्षभरात त्या ट्रेसर झाल्या. हे सगळं त्यांनी मला एकदम सांगितलेलं नाही. कधी भाजी निवडताना, कधी बसची वाट बघताना, तुकड्या-तुकड्यानं.

त्रैराशिक त्यांनी मला तांदूळ मोजायच्या मापानं शिकवलं, दोऱ्यानं शिकवलं, माझ्याच पावलांनी शिकवलं. खोलीची लांबी पावलांनी मोजायची आणि मग तीच खोली कागदावर बोटभर लांबीची काढायची. खोलीत दहा पावलं, कागदावर बोटभर; तर पाच पावलांवरचा दरवाजा कागदावर कुठे येईल? सूत्र कधी सांगितलं नाही. म्हणायच्या, "आधी काय कशाच्या जागी ठेवलंय ते बघायचं. गुणायचं की भागायचं ते मग आपोआप कळतं." आणि आणखी एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. कारखान्यात ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घ्यायला सक्त मनाई असते. आकडा लिहिलेला असेल तो वाचायचा, नसेल तर विचारायचा, पण पट्टी लावायची नाही. मी विचारलं, का? "कागद ओढला जातो, दमट हवेनं फुगतो, प्रत काढताना आकसतो. त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा, बाई?" वर्गात शिकवण्यापलीकडे हे कधी माझ्या उपयोगी पडेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तीनएक वर्षांनी मला पटनोंदणीचं काम आलं. शाळेबाहेरची मुलं शोधायची आणि त्यांची नावं लिहून आणायची. मला चऱ्होलीकडचा भाग मिळाला. गावापासून दूर, ओढ्याच्या पलीकडे तीस-पस्तीस घरांची एक वस्ती होती. तिथे एका सकाळी मी चोवीस मुलांची नावं लिहिली. त्यांतलं एकही शाळेत जात नव्हतं. वस्तीतले वडीलधारे धोंडिबा आबा माझ्यापुढे घोंगडी टाकून बसले आणि म्हणाले, "पोरास्नी हौस न्हाई आसं न्हाई, बाई. लई हौस हाय. पन साळा पार गावात. वाट वड्याला वळसा घालून जाती, आन् वडा भरला का ती बी बंद. गेल्या साली माझी नात वाहून चालली व्हती, केसाला धरून काढली. तवापासून आमी कुनालाच धाडत न्हाई." ती नात त्यांच्या मागेच उभी होती. आठ-नऊ वर्षांची. मी पाटी पुढे केली तर तिनं खडूनं शेळी काढली, पण स्वतःचं नाव काही लिहिता आलं नाही.

वस्तीनं शाळेसाठी अर्ज केला होता. त्याचं उत्तर आबांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं होतं. आम्हाला तेव्हा सांगितलेला नियम असा, की तीन किलोमीटरच्या आत शाळा असेल तर नवी मिळत नाही. उत्तरात लिहिलं होतं, वस्तीपासून गावातल्या शाळेचं अंतर वाटेनं अडीच किलोमीटर आहे, सबब मागणी मान्य करता येत नाही. सोबत नकाशाची एक प्रत, त्यावर लाल पेन्सिलीनं वाट दाखवलेली, आणि खाली टाइप केलेलं प्रमाण: दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. मी तिथेच दोरा काढला आणि त्या लाल वाटेवरून वळणावळणानं फिरवला. पाच सेंटीमीटर. म्हणजे अडीच किलोमीटर. कार्यालयाचं गणित अगदी बरोबर होतं. ते कागद माझ्यापाशी द्या, एवढं म्हणून मी निघाले.

पण ती वाट मी त्याच सकाळी चालून आले होते आणि माझे पाय अडीच किलोमीटरला तयार नव्हते. रविवारी मी नकाशा सुलोचनाताईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. माप घेतलं नाही, पट्टीही काढली नाही; बराच वेळ नुसत्या गावांच्या नावांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं बारीक अक्षर हातानं कोणी काढत नाही. हा मोठा नकाशा लहान केलेला आहे. कागदावर मावावा म्हणून केला असेल. आणि खालचं प्रमाण मोठ्या नकाशाचं, तसंच उतरवून टाइप केलंय." मी म्हटलं, पण हे सिद्ध कसं करायचं? त्या नाशिक रस्त्यावरून बोट फिरवू लागल्या. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड नकाशात ठिपक्यांनी दाखवलेले होते. "हे दगड खोटं बोलणार नाहीत," त्या म्हणाल्या. चार किलोमीटर अंतर असलेले दोन ठिपके त्यांनी निवडले आणि त्यांच्यावर डिव्हायडरची टोकं ठेवली. प्रमाण खरं असतं तर आठ सेंटीमीटर यायला हवे होते. आले सहा.

त्यांनी डिव्हायडर माझ्या हातात दिला. "मांडा आता तुम्हीच." मी मांडलं. नकाशावर सहा, तर जमिनीवर चार. नकाशावर पाच, तर जमिनीवर किती? चार पाचे वीस, भागिले सहा. तीन किलोमीटर आणि वर तिसरा हिस्सा. म्हणजे त्या कागदावर एक किलोमीटर दोन सेंटीमीटरचा नव्हताच, तो दीड सेंटीमीटरचा होता. मी तीन-तीनदा करून पाहिलं. माझ्या आयुष्यात एखाद्या भागाकाराचा इतका आनंद मला पुन्हा कधी झालेला नाही.

नकाशा घेऊन आम्ही दोघी अर्ज नाकारणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब वाईट माणूस नव्हते, कामाखाली दबलेले होते. त्यांनी नकाशाकडे बोट दाखवून सांगितलं, "बाई, इथे स्पष्ट लिहिलंय." सुलोचनाताई म्हणाल्या, "साहेब, लिहिलंय ते मोठ्या नकाशाचं. हा त्याचा धाकटा भाऊ आहे. थोरल्याचा सदरा धाकट्याला घातलाय." साहेबांना हसू आलं, पण मग ते सावरून बसले. "तुम्ही सर्व्हेअर आहात का?" "नाही साहेब, ट्रेसर." "मग मी ट्रेसरच्या सांगण्यावरून आदेश फिरवू?" त्यावर सुलोचनाताईंनी आवाज जराही न चढवता सांगितलं, "माझ्या सांगण्यावरून नका फिरवू. तुमचा माणूस द्या. त्याच्यासमोर वाट मोजू. अडीच भरली तर मी तुमची माफी मागेन." साहेबांनी शिपाई द्यायचं कबूल केलं. परतताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, खरंच अडीच भरली तर? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तर माफी मागायची. त्यात काय..."

पुढच्या रविवारी आम्ही वाट मोजली. माझ्या यजमानांची सायकल नेली होती. सुलोचनाताईंनी मागच्या चाकाचा घेर फितीनं मोजला, दोन मीटर दहा सेंटीमीटर भरला. चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधली. गावातल्या शाळेच्या पायरीपासून सायकल ढकलत निघायचं आणि चिंधी खाली आली की एक म्हणायचं. शिपाई मोजत होता, मी मोजत होते, आणि धोंडिबा आबा दर शंभराला एक चिंचोका खिशात टाकत होते. ऊन चढलं. ओढ्याच्या वळशाला सायकल उचलून न्यावी लागू नये म्हणून सुलोचनाताई चप्पल हातात घेऊन काठाकाठानं ती ढकलत होत्या. वस्तीतली सगळी माणसं बाहेर येऊन उभी होती. पहिल्या घराच्या उंबऱ्याशी चाक थांबलं तेव्हा आबांच्या खिशात सोळा चिंचोके होते आणि वर चार फेरे. सोळाशे चार. मी कागदावर गुणाकार केला, शिपायानं स्वतः पडताळला: तीन किलोमीटर तीनशे अडुसष्ट मीटर. नकाशावरून आमचं उत्तर आलं होतं तीन किलोमीटर तीनशे तेहतीस. मला त्या पस्तीस मीटरची काळजी लागली. सुलोचनाताई म्हणाल्या, "बारीक वळणं दोऱ्याला धरता येत नाहीत, बाई. तेवढं जाणारच." शिपायानं कागदावर सही केली आणि आबांच्या घरी भाकरी खाल्ली. आम्हीही खाल्ली. या वेळी माझा हात कुठेही थांबला नाही, हे मी मनातल्या मनात नोंदवलं.

जूनमध्ये शाळा मंजूर झाली. आबांनी गोठ्यालगतची पडवी सारवून दिली. पण शिक्षक मिळेना. ज्याला नेमावं तो बदली करून घ्यायचा. बसमधून उतरल्यावर एवढं चालायचं, चिखल तुडवायचा, कोण जाणार? एका संध्याकाळी मी हे सुलोचनाताईंना तक्रारीच्या सुरात सांगत होते. त्या कुकरची शिटी काढत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अंतर आपण मोजलं, बाई. आता चालायचं कोणी?"

मला राग आला. फार आला. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, यजमानांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, घरी सासूबाई आजारी. चिंचवडची शाळा घरापासून पाच मिनिटांवर. मी म्हटलं, "तुम्हाला काय जातं सांगायला? तुमचं काम खिडकीशी बसून रेघा ओढायचं." हे शब्द माझेच आहेत, दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता आले असते तर टाकले असते. मी तशीच उठून घरी आले. तीन आठवडे मी पिंपरीला गेले नाही. त्या तीन आठवड्यांत शाळेत मुलांना शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी ती पाटीवरची शेळी यायची. शेवटी मी बदलीचा अर्ज लिहिला, आणि तो टाकायच्या आधी दाखवायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी वाचला. एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग म्हणाल्या, "मुलाला आमच्याकडे सोडत जा. माझी नणंद आता इथेच राहायला आलीय, दिवसभर घरी असते. आणि करुणा शाळेतून दोनला येते." माझी माफी मागायची राहूनच गेली. मागितली असती तरी त्यांनी हात हलवून बाजूला सारली असती...

मी त्या वस्तीवर पाच वर्षं शिकवलं. त्या पाच वर्षांत माझा मुलगा पिंपरीच्या त्या दोन खोल्यांत वाढला. भात कालवून खायला तो तिथे शिकला, अक्षर तिथे गिरवलं, आणि आजही त्याचं अक्षर माझ्यापेक्षा सुलोचनाताईंच्या वळणाचं आहे. माझ्या सासूबाईंनी सुरुवातीला तोंड फिरवलं. एकदा त्यांना ताप भरला असताना मी वस्तीवर अडकले होते, तेव्हा सुलोचनाताई घरी येऊन त्यांच्या उशाशी बसून राहिल्या. त्यानंतर सासूबाई मला विचारायच्या, "तुझी ती ट्रेसर कशी आहे गं?" त्यांच्या तोंडी एवढंही पुष्कळ होतं. वस्तीतल्या पहिल्या तुकडीतली अकरा मुलं पुढे गावातल्या मोठ्या शाळेत गेली. मोठी झाल्यावर त्यांना ती वाट जड गेली नाही. आबांची नात सातवी झाली आणि मग नर्सिंगला गेली. ती मागच्या महिन्यात शोकसभेला आली होती. सुलोचनाताईंना तिनं एकदाच, त्या मोजणीच्या दिवशी, पाहिलं होतं. मला म्हणाली, "चप्पल हातात घेतलेल्या बाई, त्याच ना?"

वीस वर्षांच्या जवळपास ओळख, आणि आम्ही शेवटपर्यंत एकमेकींना अहो-जाहोच केलं. त्या मला बाई म्हणायच्या, मी त्यांना ताई. गेली काही वर्षं त्यांना मधुमेह होता आणि त्यानं डोळ्यांवर घाला घातला. ट्रेसरचे डोळे! कंपनीनं त्यांना प्रिंट जपून ठेवायच्या कामावर दिलं, म्हणजे पुन्हा त्याच सुरळ्या. मला वाईट वाटलं, तर त्या म्हणाल्या, "आता कुठली सुरळी काय आहे ते उघडून न बघता कळतं मला." तक्रारीचा सूर नव्हता त्यात, थोडासा अभिमानच होता. शेवटच्या भेटीत त्यांनी मला माझ्या नव्या वर्गाबद्दल विचारलं, मुलाच्या मार्कांबद्दल विचारलं, आणि मी निघताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जरा लवकर या. काम आहे." कसलं ते सांगितलं नाही. पुढचा रविवार आलाच नाही.

ते काम काय होतं ते मला शोकसभेनंतर कळलं. करुणानं मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीपाशी ती कलती फळी होती आणि तिच्यावर पिनांनी ताणलेला ट्रेसिंग पेपर. त्यांच्या वसाहतीचा नकाशा. दहा गल्ल्या, प्रत्येक घर, आणि पाण्याचे दोन सार्वजनिक नळ. करुणा म्हणाली, "नळावर रोज भांडणं. वरच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या आम्हाला लांब, खालच्या म्हणायच्या आम्हाला लांब. आई म्हणाली, आधी कोण किती चालतं ते कागदावर येऊ दे, मग तिसऱ्या नळासाठी अर्ज लिहू. सकाळच्या उजेडात तासभरच दिसायचं तिला. भिंग घेऊन काढायची." सहा गल्ल्या पूर्ण होत्या. उरलेल्या चार गल्ल्यांची जागा कोरी होती. पण खालच्या कोपऱ्यात, बाकी काही काढायच्या आधीच लिहून ठेवलेलं असावं अशा काळजीनं, प्रमाण होतं: एक सेंटीमीटर म्हणजे पाच मीटर. करुणा म्हणाली, आईची ती सवयच होती, पहिली रेघ ओढायच्या आधी प्रमाण लिहायचं.

शोकसभेनंतरच्या रविवारपासून मी आणि करुणा ते काम करतो आहोत. ती फितीचं एक टोक धरते, मी दुसरं. घराच्या दाराशी फीत टेकवली की आतून कोणीतरी बाहेर येतं, कुठून मोजायचं ते सांगतं, "इथून न्हाई, उंबऱ्यापासून धरा," म्हणतं, आणि मग आमच्याबरोबर नळापर्यंत चालत येतं. दुपारी आम्ही खिडकीपाशी बसतो. मापाला पाचनं भागतो आणि कागदावर घर ठेवतो. शाई करुणा भरते. माझा हात अजून थरथरतो, तिचा जरा बरा आहे. सातव्या गल्लीपासून नकाशातल्या रेघा थोड्या जाड आल्या आहेत, कुणीही बघितलं तर ओळखेल. तिथून पुढे आमचा हात आहे. प्रमाण मात्र खाली त्यांच्याच अक्षरात आहे, आणि ते बरोबर आहे. आम्ही पहिल्याच दिवशी फीत लावून बघून घेतलं.